तुमचं डी किती?

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसायचं तर आता किमान पात्रता लागते. व्हिटॅमिन डी वीसच्या खाली हवं. सी विंगमधले निवृत्त अभियंते सातवर आहेत, म्हणून पाठ टेकायची जागा त्यांची. त्यांच्या शेजारी साडेनऊवाले काका. मी ११.४, त्यामुळे मला कडेची, बागेच्या नळाजवळची जागा मिळाली. तिथे बसलं की लेंगा ओला होतो. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांचं डी चौतीस निघालं. त्यांच्याशी कुणी उघड भांडलेलं नाही, पण ते आले की विषय बदलतो.

आमची पिढी दहावीचे मार्क लपवत वाढली. कमी मार्कांची अशी जाहीर बढाई मारायचे दिवस उतारवयात येतील असं वाटलं नव्हतं.

माझ्यापुरती सुरुवात भाच्याने केली. तो हिंजवडीत नोकरीला आहे आणि स्वभावाने प्रेमळ आहे. माझ्या चोपन्नाव्या वाढदिवसाला त्याने शर्टपीस आणला नाही, पेढे आणले नाहीत, मोबाइल पुढे करून म्हणाला, “मामा, तुमच्यासाठी ८७ टेस्टचं पॅकेज बुक केलंय. फुल बॉडी. एकावर एक फ्री आहे.” फ्रीमध्ये मामी होती. वाढदिवसाला माणसाला ओवाळतात, त्याचं रक्त काढत नाहीत, असं माझी आई आतून म्हणाली. आई ब्याऐंशीची आहे आणि तिची सगळी मतं आतूनच येतात. पण तोवर बुकिंगचा मेसेज येऊन पडला होता.

ठरल्या दिवशी सकाळी साडेसहाला एक मुलगा दारात. पाठीवर निळी पिशवी, काखेत हेल्मेट. “काका, बारा तास उपाशी आहात ना?” मी हो म्हणालो. रात्री साडेअकराला अंधारात, डब्याचा आवाज न करता खाल्लेली दीड चकली मी धरली नव्हती. “चहा?” “नाही.” हे मात्र अक्षरशः खरं होतं आणि माझ्या चेहऱ्यावर दिसतही होतं.

त्याने दंडाला रबरी पट्टा आवळला, मूठ मिटायला लावली आणि कोपराच्या खळग्यात दोन बोटांनी टिचक्या मारायला लागला. कलिंगडवाला कलिंगड वाजवून बघतो तशा. शीर काही सापडेना. मग त्याने टेबलावर तीन नळ्या मांडल्या, जांभळ्या टोपणाची, करड्या टोपणाची, पिवळ्या टोपणाची. जांभळी हिमोग्लोबिनची, करडी साखरेची, पिवळीत बाकी सगळा संसार. “एवढ्याशा रक्तात ८७ टेस्ट?” मी विचारलं. “मशीन करतं, काका,” तो म्हणाला आणि तेवढ्यात टोचलं. हिची शीर मात्र पहिल्या फटक्यात मिळाली. “मावशींची शीर एकदम छान आहे,” असं तो जाताना म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हिच्या शिरेचं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्या दिवशी दिवसभर घरात एक वेगळंच तेज होतं.

संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. १९ पानं. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनाऱ्यावर धावत होतं. आतल्या पानावर माणसाची आकृती, तिच्यात अवयव रंगवलेले, आणि पुढे माझे आकडे. बहुतेक काळे, पाच लाल. डी ११.४. बी-१२ १६८, पाहिजे २११ च्या वर. आणखी दोन किरकोळ. आणि पाचवं, बेसोफिल किंचित जास्त. बेसोफिल नावाचं काही माझ्यात राहतं हेच मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं तेव्हा ते जास्त झालेलं होतं. शेवटच्या पानावर सर्वांसाठी एकच सल्ला होता. हिरव्या पालेभाज्या खा, ताण घेऊ नका. आधीची अठरा पानं कशाला पाठवली मग?

रिपोर्ट येण्याआधी मी आमचे तीन मजले बोलत बोलत चढत होतो. रिपोर्ट वाचल्यापासून प्रत्येक मजल्यावर थांबून दारावरच्या पाट्या वाचायला लागलो. गुडघ्यात काहीतरी वाजतंय असं वाटू लागलं. चष्मा डोक्यावर ठेवून शोधण्याचा प्रकार माझ्याकडून वयाच्या पस्तिशीपासून होतो. तोही आता बी-१२ च्या नावावर जमा झाला. दुसऱ्या दिवशी एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. “सर, तुमचे पाच पॅरामीटर आउट आहेत.” हे तिने ज्या सुरात सांगितलं, त्यावरून अर्धा संघ तंबूत परतला असून आता फक्त शेपूट उरलंय असं वाटत होतं. मग तिने तीन महिन्यांच्या किटची किंमत सांगितली. सवलत रात्री बारापर्यंत होती.

हिचा निकाल जरा गुंतागुंतीचा लागला. हिचं डी २४. आता २४ म्हणजे पास की नापास? तर ते बोर्डावर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने बहुतेक माणसांना २० पुरतात असं म्हटलं. त्याच सुमाराला, २०११ साली, तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने ३० च्या खाली असलेल्यांना कमी ठरवलं. म्हणजे ही एका बोर्डातून पास आणि दुसऱ्यातून एटीकेटी. मधल्या काळात बऱ्याच लॅबनी अर्थातच कडक बोर्ड स्वीकारलं. गंमत अशी की २०२४ साली त्या कडक बोर्डाने पासाची रेषाच मागे घेतली, आणि धडधाकट माणसांनी उगाच डी तपासत बसू नये असंही सांगितलं. आमच्या पॅकेजपर्यंत ते परिपत्रक अजून पोचलेलं नाही. मी मात्र ११.४ मुळे कुठल्याही बोर्डात बसत नव्हतो.

कट्ट्यावर रिपोर्टचं वाचन झालं आणि आठवड्याभरात आमचं जेवणाचं टेबल औषधाच्या दुकानासारखं दिसू लागलं. सातवाल्यांनी कॅल्शियम सुचवलं, साडेनऊवाल्यांनी डीच्या पुड्या, भाच्याने बी-१२ आणि व्हे प्रोटीनचा एक डबा, जो आमच्या तांदळाच्या डब्याहून मोठा आहे. हिच्या मैत्रिणीने लोह दिलं. सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली प्लास्टिकची डबी आली. ती लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी उभी राहिली आणि बरणी एकदम जुनाट दिसायला लागली.

गोळ्या आणणं सोपं. त्यांचं वेळापत्रक सांभाळायला पुणे स्टेशनचा अनुभव हवा. लोहाच्या गाडीला चहा आडवा आला की गाडी तिथेच उभी राहते. लिंबू पिळलं की सिग्नल हिरवा. कॅल्शियम आणि लोह एका रुळावर सोडायचे नाहीत. हिची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी सुटते आणि तिच्यानंतर चार तास कॅल्शियमला प्लॅटफॉर्म मिळत नाही. डी एकट्याने धावत नाही, त्याला दुधाचा किंवा तुपाचा डबा जोडावा लागतो. एकदा मी हे सगळं कागदावर मांडलं, तेव्हा लक्षात आलं की दिवसात चहाला जागा फक्त दुपारी साडेतीनला उरते. तेव्हापासून लोह हिच्या मैत्रिणीकडे परत गेलं आहे.

मी बँकेत आहे. आकडा दिसला की ताळा जुळवायची खोड. बी-१२ च्या गोळीवर लिहिलेलं असतं १५०० मायक्रोग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मोठ्या माणसाची रोजची गरज सांगितली आहे २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत दोन वर्षांना जेमतेम कमी इतका शिधा, आणि स्ट्रिपवर तर दहा गोळ्या. मग कळलं की आतड्यातला रस्ता एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट उचलतो. बाकीच्यातून शेकडा एक कसाबसा झिरपून आत जातो. शंभर रुपये काउंटरवर द्यावेत आणि खात्यावर एक जमा व्हावा, असा हा कारभार. माझ्या शाखेत असं झालं असतं तर निलंबन होतं. पण तेवढा एक रुपयाही गरजेच्या काही पट असतो, म्हणून गोळी काम करते.

मग प्रश्न असा की रोजचे २.२ कुठे अडले? बी-१२ झाडपाल्यात नाही. ते अंड्यात, माशात, मटणात आणि आमच्यासारख्यांसाठी दूध-दह्यात. अंडं आमच्या स्वयंपाकघरात येत नाही; ते भाचा आला की बाल्कनीत, वेगळ्या पॅनमध्ये, खिडक्या लावून होतं. दूध रोज लिटरभर येतं. त्यातलं निम्मं चहात उकळतं, पावभर विरजणात जातं, आणि त्या दह्याचं आमच्याकडे जे ताक होतं त्यात तळाशी वाटीचा रंग दिसतो. शाकाहारी असल्याचा अभिमान बाळगताना दूध प्यायचंही असतं, हे राहूनच गेलं होतं.

डीच्या पुडीचा प्रश्न आईने काढला. तिला भाच्याने सांगितलं की हे डी मेंढीपासून होतं. घरात शांतता पसरली. खरी गोष्ट अशी की डी-३ बहुतेक करून मेंढीच्या लोकरीतल्या मेणातून करतात. लोकर धुताना ते तेलकट मेण निघतं, त्यातला एक पदार्थ वेगळा काढतात आणि त्याच्यावर अतिनील किरण सोडतात. म्हणजे मी उन्हात बसायचा कंटाळा केला, म्हणून कुठल्याशा मेंढीचं मेण कारखान्यात उन्हाला बसवलं गेलं.

“मेंढी कापतात का?” आईने विचारलं.

“नाही, नुसती भादरतात.”

“मग चालेल. चतुर्थीला देऊ नकोस.”

आईला मी इथे विनोदासाठी आणलेली नाही. दोन वर्षांपूर्वी तिची जीभ गुळगुळीत लाल झाली, आमटी तोंडात धरवेना. पायांना मुंग्या यायच्या, रात्री उठली की भिंतीला हात लावत चालायची. वय झालं, असं सगळे म्हणाले. त्यात मी होतो. ती बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते, आणि या गोळीने बी-१२ खाली येऊ शकतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बॅटरी मारून जीभ बघितली, पायाला ट्यूनिंग फोर्क लावला आणि एकच तपासणी लिहून दिली. ९६ आलं. इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांनी ती एकटी मारुतीला जाऊन आली आणि पुजारी प्रसाद कसा हात आखडता देतो ते रात्रीपर्यंत सांगत होती. आमच्या घरी सुई टोचल्यानंतरचा हा एवढा एकच आनंद.

तेव्हा कमतरता हे सगळं थोतांड, असं कुणी कट्ट्यावर म्हणालं की मी भांडतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष छापले. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हा आकडा ८१ टक्के होता. खेड्यातल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसांना मागे टाकून आम्ही या एका परीक्षेत पहिले आलो.

उन्हाचंही तसंच. एवढा लखलखीत सूर्य डोक्यावर असताना पुणेकराच्या हाडात अंधार कसा, हे कोडं दिवसाचं वेळापत्रक बघितलं की सुटतं. कातडीत डी तयार करणारे किरण सूर्य वर आला की येतात, साधारण अकरा ते तीन. त्या वेळात आम्ही पडदे ओढून वामकुक्षी घेतो. बाहेर पडावंच लागलं तर स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळतात, हातात कोपरापर्यंत मोजे घालतात. सूर्याने ओळखू नये अशी व्यवस्था. मी बँकेत खिडकीशी बसतो आणि ऊन येतं असं समजतो, पण काच हे किरण बाहेरच अडवते. आणि ज्या कोवळ्या उन्हात आपल्या चार पिढ्या तान्ही मुलं घेऊन बसल्या, त्या सकाळी सातच्या उन्हात हे किरण फारच थोडे. ते ऊन सुंदर असतं, एवढंच.

आता साडेनऊवाल्या काकांची हकिकत. डीची ती पुडी आठवड्यातून एक घ्यायची असते, तीही डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे. काकांनी रोज एक घेतली. “कर्ज जितकं लवकर फेडाल तितकं व्याज कमी,” हे त्यांचं तत्त्व. गृहकर्जही त्यांनी असंच फेडलं. पण एका पुडीत ६०,००० युनिट असतात आणि रोजची गरज ६०० धरतात. काका रोज शंभर दिवसांचा शिधा दुधातून घेत होते. ब गटातलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डी जात नाही, चरबीत मुक्काम करतं आणि रक्तातलं कॅल्शियम चढवत राहतं. दोन महिन्यांनी काकांना उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान आणि असंबद्ध बोलणं सुरू झालं. यातलं शेवटचं लक्षण कट्ट्यावर कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्यांना चार दिवस सलाइन लावावं लागलं. परत आले तेव्हा त्यांचं डी दीडशेच्या पुढे होतं. नियमाने त्यांची जागा जायला हवी होती, पण आम्ही ती मानद म्हणून ठेवली आहे.

भाचेसुनेची तऱ्हा उलटी. केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या गोड गोळ्या खायची. थायरॉइडचा रिपोर्ट असा आला की डॉक्टर चक्रावले. बाईंना काहीच होत नाही आणि कागदावर थायरॉइड उधळलेलं. त्यांनी विचारलं, “केसांसाठी काही घेता का?” गोळ्या आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, सगळं ठीक. काही प्रयोगशाळांच्या रसायनांत बायोटिनचाच वापर असतो, म्हणून रक्तातलं जास्तीचं बायोटिन तपासणीला चकवतं. तपासून गोळी घ्यावी म्हटलं, तर गोळीच तपासणीवर डल्ला मारते.

शेवटी मी १९ पानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, हिला बरोबर घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते सदाशिव पेठेत, जिन्याखालच्या दोन खोल्यांत बसतात. त्यांनी फोल्डर उघडलं नाही.

“त्रास काय होतोय?”

“त्रास असा नाही... पण रिपोर्टमध्ये...”

“रिपोर्टला होऊ दे त्रास. तुम्हाला काय होतंय?”

मी बेसोफिलचं नाव काढलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, यातल्या बहुतेक तपासण्यांत नॉर्मल म्हणजे शंभर निरोगी माणसांतली मधली पंच्याण्णव. कडेची पाच तितकीच निरोगी असतात, फक्त शाई लाल. मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर शंभर निरोगी माणसांतल्या छत्तीसांचाच कागद पूर्ण काळा येईल. ८७ केल्या तर एखाद्याचाच. म्हणजे भाच्याने दिलेल्या भेटीतून मी निरोगी बाहेर पडण्याची शक्यता पहिल्यापासूनच जवळजवळ नव्हती. “माणूस निरोगी राहिला तर पॅकेज कोण घेईल?” असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते मी म्हणतो.

त्यांनी पाचातले तीन लाल आकडे पेन्सिलने खोडले आणि डी, बी-१२ ठेवले. “हे दोन खरे. तुम्ही अंडं खात नाही, दूध पीत नाही, ऊन बघत नाही. हे रक्त न काढताही सांगितलं असतं.” डीच्या आठ पुड्या, दर रविवारी एक, नवव्या रविवारी पुडी मागायची नाही. बी-१२ ची गोळी काही महिने रोज. “आणि ताकात पाणी कमी घाला.” व्हे प्रोटीनच्या डब्यात तांदूळ ठेवा, असंही म्हणाले, झाकण घट्ट असतं.

मग ते जरा खुलले. ते परळला शिकलेले. परळचा विषय निघाला की ते लूसी विल्स या बाईंवर येतात. या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संस्थेत काम करायला. गरोदर बायकांना, त्यात गिरण्यांत राबणाऱ्याही, विलक्षण पंडुरोग व्हायचा आणि त्यात त्या दगावायच्या. बाईंनी आधी जंतू शोधले. मग त्या बायका काय खातात ते बघायला लागल्या. तसंच खाणं उंदरांना आणि माकडांना घालून बघितलं, आणि अखेर मार्माइट नावाच्या, यीस्टच्या काळ्या, खारट, स्वस्त चाटणाने आजार बरा होतो असं त्यांना दिसलं. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यात नेमकं काय होतं ते दहा वर्षांनी कळलं, आणि पालकाच्या पानांतून वेगळं काढलं म्हणून पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हणायला लागले. “बाईंनी ताटात बघितलं म्हणून सापडलं,” डॉक्टर म्हणाले. ही गोष्ट मी त्यांच्याकडून पाचव्यांदा ऐकली. फी वेगळी घेत नाहीत.

उठताना त्यांनी सहज विचारलं, “घरात खरा दम कुणाला लागतो?” मी म्हणालो, कुणालाच नाही. ही म्हणाली, “मावशींना.”

आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या रोज पाच मिनिटं बसायच्या. वहाणा काढून, पदराने वारा घेत. गप्पा मारायला बसतात असं आख्खी विंग समजायची, आणि दोनदा तो विषय सोसायटीच्या बैठकीत निघालाही होता. हिने त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथे एकच तपासणी झाली, पॅकेज नव्हतं. हिमोग्लोबिन ८.२. लाल गोळ्या दिल्या, जंताची एक गोळी दिली आणि नर्सबाईंनी विचारलं, “चहा किती पिता?” मावशी सहा घरी जातात. सहाही घरं त्यांना मायेने चहा देतात, आमच्याकडे तर आलं घालून. सकाळी सात ते दुपारी एकपर्यंत पोटात एवढंच. मघाशी मी लोहाच्या गाडीवर विनोद केला, ती गाडी रोज सहा ठिकाणी आम्ही अडवत होतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत पंडुरोग सापडला. त्यांच्यासाठी कुणी एकावर एक फ्री काढलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता आमच्याकडे मावशींना आल्याबरोबर पोळी-भाजी आणि लिंबाची फोड मिळते. चहा दीड-दोन तासांनी, निघताना. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १०.६ झालं. वळणावर बसणं बंद झालं आहे. बसतो तो मीच, पाट्या वाचायची सवय सुटत नाही.

राहता राहिलं ऊन. डॉक्टरांनी सोपी खूण सांगितली. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ती मागायला कारण लागतं. ‘हाडांसाठी’ असं रजिस्टरमध्ये लिहून आम्ही कट्ट्यावरच्या चौघांनी चैत्रात किल्ली मिळवली. दुपारी साडेबाराला चढलो तर गच्ची भरलेली. एका बाजूला जुन्या धोतरावर कुरडया, दुसऱ्या बाजूला साबुदाण्याच्या पापड्या, मध्ये सांडगे. बायकांनी आमच्याकडे, मग आमच्या पोटऱ्यांकडे बघितलं आणि टाकीच्या कडेला दोन चटयांची जागा दिली. पँट गुडघ्यापर्यंत, बाह्या खांद्यापर्यंत दुमडून आम्ही ओळीने बसलो. दर दहा मिनिटांनी कुणीतरी यायचं आणि कुरडया उलटवून जायचं. जाता जाता आम्हालाही सांगायचं, “भावजी, आता कुशीवर.” वीस मिनिटं झाली की खाली. जास्त बसलो तर करपतो.

आणि त्या गच्चीवर, पहिल्याच दिवशी, चौतीसवाले गृहस्थ भेटले. तोंडात दोन चिमटे, खांद्यावर ओली चादर. गेली अकरा वर्षं घरचे कपडे ते वाळत घालतात, रोज दुपारी बाराला, कारण मशीन साडेअकराला थांबतं. त्यांनी डी कधी गोळीतून घेतलेलं नाही, आणि त्यांना ते चौतीस का आलं याचा पत्ताही नव्हता.

जूनमध्ये डॉक्टरांनी फक्त दोन तपासण्या लिहून दिल्या. बी-१२ ४३०. डी २६. गुडघा पूर्वीइतकाच वाजतो, चष्मा अजून डोक्यावरच सापडतो. कट्ट्यावरची नळाजवळची जागा मात्र गेली. तिथे बी विंगमधले एक नवे नऊवाले आले आहेत. मी आता सुट्टीच्या दुपारी वर असतो. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, साडेबाराच्या सुमाराला. चटई आपापली आणा आणि कुरडयांवर सावली पाडू नका.